रोहिणीचं पाणी की रथातून दिसलेला म्हातारा? लेकीला काय सांगू?

पूर्णाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण घरगुती आहे.

लेक आठवीत आहे. शाळेत बाईंनी सांगितलं, की राजपुत्र सिद्धार्थ रथातून फिरायला निघाला, त्याला म्हातारा दिसला, मग आजारी माणूस, मग प्रेत, शेवटी संन्यासी, आणि त्यानं घर सोडलं. इकडं आमच्या गल्लीतल्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचं वाचन चालू आहे. लेक आजीसोबत रोज जाऊन बसते. तिथं तिनं ऐकलं, की शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटलं, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला आणि त्यापायी त्याला घर सोडावं लागलं.

काल जेवताना म्हणते, "बाबा, २९ वर्षांचा होईपर्यंत त्याला एकही म्हातारा दिसला नव्हता? त्याचे वडील म्हातारे होत नव्हते का? आणि परीक्षेत आलं तर यातलं कोणतं लिहू?"

मी म्हणालो, बाईंनी सांगितलंय ते लिही. मार्काचा प्रश्न मिटला, पण पोरीनं माझ्याकडं अशी नजर टाकली की भाकरी गोड लागली नाही.

मी पाटबंधाऱ्यात आहे, परभणी जिल्ह्यात. आवर्तन (कालव्याचं पाणी) सुटलं की शेजपाळी (कुणाला कधी पाणी ते) लावायची, टेलच्या म्हणजे कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेतो वरच्यांनी चारीत किती पाइप घुसवलेत ते शोधत हिंडायचं, यात २२ वर्षं गेली. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन चारीवर उभे राहिलेले बघितलेत. त्यामुळे रोहिणीची गोष्ट मला पटकन पटते. पण आपल्याला पटलं म्हणजे ते घडलंच असं थोडंच आहे? जाणकारांनी सांगावं. शिवाय चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग मला लहानपणापासून तोंडपाठ आहेत. तिला समजावून सांगायला बसलो तेव्हा कळलं की नुसतेच पाठ आहेत.

---

तुळजाई

रुमाल टाकून ठेवते. सवडीनं वाचेन.

---

मास्तर_निवृत्त

पूर्णाकाठचे दादा, तुमच्या लेकीला माझा जयभीम सांगा. तीस वर्षं पाली शिकवली, इतका सरळ प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आधी रथाची गोष्ट. ही चार दृश्यं दीघनिकायातल्या महापदानसुत्तात आहेत (निकाय म्हणजे बुद्धाच्या उपदेशांचे पाली संग्रह, सुत्त म्हणजे त्यातला एक उपदेश), पण तिथं ती सिद्धार्थाची नाहीत. त्याच्या फार आधी होऊन गेलेल्या विपस्सी नावाच्या बुद्धाची आहेत. पुढं जातकांच्या निदानकथेत आणि अश्वघोषाच्या बुद्धचरितात ती सिद्धार्थाला चिकटली आणि तीच घरोघर गेली. नाटकासाठी उत्तम आहे. रथ, सारथी, चार प्रसंग, पडदा!

स्वतः बुद्ध आपल्याविषयी काय म्हणतात? अंगुत्तरनिकायातलं सुखुमालसुत्त घ्या. ते म्हणतात, मी फार लाडात वाढलो. उन्हाळ्याला, पावसाळ्याला, हिवाळ्याला वेगळा वाडा होता. मग माझ्या मनात आलं, की म्हातारपण कुणालाच चुकलेलं नाही, तरी माणूस दुसऱ्या म्हाताऱ्याला बघून तोंड फिरवतो आणि स्वतःला विसरतो. मीही असं करावं हे मला शोभणारं नाही. असा विचार केल्यावर माझा तारुण्याचा मद उतरला. आजाराचं आणि मरणाचंही तसंच.

लेकीला हे सांगा. म्हातारा त्याला रोज दिसत होता. त्याच्या जागी आपण आहोत हे एके दिवशी दिसलं.

घर सोडण्याचा प्रसंग मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात दोन ओळींत आहे: केस काळेभोर असताना, आईवडील आसवं गाळत असताना, केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रं घालून मी घराबाहेर पडलो. म्हणजे मध्यरात्री झोपलेल्या बायकोपोराकडं बघून गुपचूप निघणं यात नाही. (जन्मदात्री महामाया तर सातव्या दिवशीच वारली होती. त्यामुळे इथं आई म्हणजे मावशी महाप्रजापती गौतमी धरायची.)

---

तर्कट

मग रोहिणी कुठं आहे? तीही नंतरचीच ना?

---

मास्तर_निवृत्त

तर्कटराव, घाई नको, टायपायला वेळ लागतो.

रोहिणीच्या पाण्याचं भांडण पाली अट्ठकथांमध्ये, म्हणजे मूळ ग्रंथांवरच्या नंतरच्या टीकांमध्ये आहे. पण तिथं ते बुद्धत्व मिळाल्यानंतरचं आहे. दोन्हीकडचे लोक हत्यारं घेऊन उभे, बुद्ध मध्ये जातात आणि विचारतात, पाण्याची किंमत जास्त की माणसाच्या रक्ताची? ते भांडण गृहत्यागाच्या आधी आणून त्याच्याशी जोडण्याची मांडणी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये केली. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. प्रस्तावनेतच त्यांनी तुमच्या लेकीचा प्रश्न विचारलाय: २९ वर्षांच्या माणसाला याआधी म्हातारा, आजारी, प्रेत दिसलं नसेल हे बुद्धीला पटतं का?

त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद होतो. आठ वर्षांनी पाण्यावरून मारामारी होते, सेनापती युद्धाचा ठराव आणतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि बहुमतानं हरतो. सैन्यात भरती व्हायला तो नकार देतो. मग शिक्षा काय? फाशी किंवा देशत्याग, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीनजप्ती. घरच्यांना झळ लागू नये म्हणून तो परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी होतो.

आणि याला जुन्या ग्रंथात अजिबात आधार नाही असंही नाही. सुत्तनिपात हा पालीतल्या सर्वांत जुन्या भागांपैकी मानला जातो. त्यात अत्तदण्डसुत्त आहे. बुद्ध म्हणतात, मला संवेग, म्हणजे मनाला हादरा कसा बसला ते सांगतो:

फन्दमानं पजं दिस्वा, मच्छे अप्पोदके यथा।
अञ्ञमञ्ञेहि ब्यारुद्धे, दिस्वा मं भयमाविसि॥

थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांवर उठलेली माणसं पाहून माझ्या मनात भय शिरलं. धर्मानंद कोसंबींनी या गाथांकडं मराठी वाचकांचं लक्ष फार पूर्वी वेधलं होतं.

---

पूर्णाकाठचा

मास्तर, अप्पोदके म्हणजे कमी पाणी ना? मे महिन्यात तलावाच्या तळाला राहिलेल्या डबक्यात मासे कसे उसळतात ते डोळ्यासमोर आलं. आता पोरीला काय लिहायला सांगायचं ते कळलं. निदान मला तरी.

---

सोयाबीन_लातूर

वाचूलालो कवापासून. मास्तर, लातूरला २०१६ ला मिरजेवून रेल्वेनं पाणी आलं तवा आमच्या गल्लीत नळाच्या रांगेत काय काय झालं त्ये सांगत बसत नाही. पण ती माशाची वळ मी वहीत लिवून घेतली.

---

तर्कट

उगमाचं ठीक. मूळ शिकवणीवर माझा जुना आक्षेप आहे. पहिलं सत्य काय तर 'दुःख आहे'. जन्म दुःख, म्हातारपण दुःख, मरण दुःख. लेकराला हेच शिकवायचं का? हा तर निराशेचा कारखाना झाला.

---

रमामावशी_जालना

तर्कट भाऊ, मी ३१ वर्षं दवाखान्यात नर्स होते. पेशंट आला की डॉक्टर आधी काय करतो? कुठं दुखतंय ते विचारतो. मग कशानं दुखतंय ते शोधतो, बरं होईल का ते सांगतो, मग गोळ्या-पथ्य लिहून देतो. दुःख, समुदय, निरोध, मार्ग. झाली चार आर्यसत्यं. दुखतंय कुठं असं विचारणाऱ्या डॉक्टरला तुम्ही निराशावादी म्हणता का?

कारण म्हणजे तण्हा, तृष्णा. बरं होतं म्हणजे निरोध. आणि गोळ्या-पथ्य म्हणजे आठ अंगं: सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. (व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हे, प्रयत्न. विहारात पोरं हमखास फसतात.)

---

मास्तर_निवृत्त

मावशींनी माझं काम हलकं केलं. एकच जोड देतो. संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. अंगाला वेदना झाली तो पहिला बाण, तो बुद्धालाही लागतो. त्यावर माणूस जो शोक करतो, छाती बडवतो, तो दुसरा बाण. शिकलेल्या माणसाला पहिला लागतो, दुसरा तो लावून घेत नाही. पावसानं पीक नेलं हा पहिला. माझंच का गेलं, शेजाऱ्याचं का नाही, हा दुसरा.

---

सोयाबीन_लातूर

मास्तर, तुमचा मान ठिवून बोलतो. औंदा दुबार पेरणी केली. बियाणं, खत, फवारणी सगळं उधारीवर. काढणीला पाऊस आला, शेंगा झाडालाच उगवल्या. भाव पडला. हे सगळे पहिलेच बाण हायेत, दुसऱ्या बाणापर्यंत आम्ही पोचतच नाही. असल्या माणसाला "तुझं दुःख तृष्णेनं आलंय" म्हनलं तर त्यो काय करंल? आमच्या गावात दोघांनी दोरी घेतली. त्यांना तृष्णा नव्हती. सोसायटीचं कर्ज व्हतं.

---

मिलिंद_क्रमांक_तीन

आतापर्यंत वाचत होतो, आता राहवेना. सोयाबीन भाऊ जे बोलले त्यावर कुणी गुळगुळीत उत्तर देऊ नका.

बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत दुसरा प्रश्न हाच टाकलाय. चार आर्यसत्यं ही बुद्धाची मूळ शिकवण आहे की भिक्खूंनी नंतर घातलेली भर? जगणंच दुःख असेल आणि पुनर्जन्मातही दुःखच असेल, तर धर्म माणसाच्या काय कामाचा? म्हणून त्यांच्या मांडणीत दुःखाचा मोठा भाग माणसानं माणसाला दिलेला आहे. गरिबी, अन्याय, शोषण. त्यावर उपाय मनात आणि समाजात दोन्हीकडं करायचा.

पाली ग्रंथातही हा धागा आहे. दीघनिकायातलं कूटदन्तसुत्त. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेत आणि राजाला मोठा यज्ञ करायचाय. पुरोहित त्याला सांगतो: कर वाढवू नका, चोरांना फाशी-कैद करूनही हे थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बी-बियाणं आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे चाकरी करतात त्यांना पगार द्या. राजा तसं करतो आणि लोक दारं उघडी टाकून राहू लागतात. बियाण्याची गोष्ट दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी आहे भाऊ.

आणखी एक. आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. सकाळपासून रानोमाळ शोधत होता. बैल सापडल्यावर तो उपाशीच बुद्धाकडं आला. भिक्खूंचं जेवण झालं होतं, सगळे उपदेशाची वाट बघत होते, पण बुद्ध गप्प बसून राहिले. शेतकरी आल्यावर पहिल्यांदा म्हणाले, याला जेवायला वाढा. त्याचं पोट भरल्यावर मग उपदेश. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, की असं कधी करत नाहीत. तेव्हाची गाथा धम्मपदात आहे: जिघच्छा परमा रोगा. भूक हा सगळ्यांत मोठा रोग.

---

मास्तर_निवृत्त

सोयाबीन भाऊ, माझं उदाहरण चुकलं. दुसऱ्याच्या शेतातला बाण मी माझ्या खुर्चीत बसून मोजत होतो. माफ करा. मिलिंदनं आळवीची आठवण दिली ती योग्य जागी दिली.

---

सोयाबीन_लातूर

माफी कशाला मास्तर. बैलाची गोष्ट आवडली.

---

तर्कट

वातावरण गंभीर झालंय, तरी विचारतो. आत्मा नाही म्हणता, देव नाही म्हणता, आणि वर पुनर्जन्म. मग जन्म कुणाचा होतो? आणि 'मिलिंद क्रमांक तीन' हा काय प्रकार?

---

मिलिंद_क्रमांक_तीन

दोन्हीचं उत्तर एकच आहे!

आमच्या वर्गात चार मिलिंद होते. हजेरीला सर नंबरानं बोलवायचे, मी तिसरा. मराठवाड्यात आमच्या पिढीत कुठल्याही शाळेत हीच गत. कारण औरंगाबादला १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, त्याला बाबासाहेबांनी नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन म्हणजे त्याला वादात गप्प करणारा भिक्खू. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला दिलं, हे मला हॉस्टेलात असताना कळलं नव्हतं. तेव्हा मेसच्या डाळीचाच विचार जास्त.

आता आत्मा. राजा विचारतो, तुमचं नाव काय? भिक्खू म्हणतो, लोक नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव आहे, आत 'नागसेन' अशी वस्तू सापडणार नाही. राजा हसतो. नागसेन विचारतो, महाराज, कशानं आलात? रथानं. मग रथ म्हणजे काय? चाक? नाही. आस? नाही. जू? नाही. सगळं सोडून वेगळं काही? तेही नाही. म्हणजे रथ नाहीच, महाराज खोटं बोलले! राजा म्हणतो, तसं नव्हे, हे सगळे भाग जुळले म्हणून त्याला रथ म्हणायचं. नागसेन म्हणतो, माणसाचंही तसंच. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध जुळलेत, त्याला नाव नागसेन. यालाच अनात्म म्हणतात.

आणि पुनर्जन्म? तिथं दिव्याची उपमा आहे. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. बाबासाहेबांची मांडणी आणखी वेगळी. शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचं. मेल्यावर ते आपापल्या साठ्याला मिळतात आणि नव्यानं जुळतात. तोच माणूस परत येतो असं ते मानत नाहीत. थेरवादी (पाली ग्रंथ प्रमाण मानणारे) भिक्खू हे सगळं मान्य करणार नाहीत. हा वाद बौद्धांमध्येच आहे आणि मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही.

---

तर्कट

रथाचा दाखला चांगला आहे. अजून पूर्ण पटलेलं नाही, पण चांगला आहे.

---

संपादक_मंडळ

बावीस प्रतिज्ञांवरून सुरू झालेली वादावादी या धाग्याच्या विषयात बसत नाही. तीन प्रतिसाद उडवले आहेत. वेगळा धागा काढा, तिथं सभ्य भाषेत भांडा.

---

रमामावशी_जालना

उडवलेले वाचले नाहीत, बरं झालं. पण माझ्या घरातलं एवढं सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा माझे वडील गेले नव्हते, गाडीभाडं नव्हतं. पण पुढच्या वर्षी आमच्या वस्तीत भन्ते आले, सगळ्यांनी पांढरे कपडे घालून त्रिशरण-पंचशील घेतलं. देव्हाऱ्यातले टाक आजीनं फडक्यात बांधले आणि वडिलांसोबत जाऊन गोदावरीत सोडले. आजी वाटेत रडत होती म्हणे. देव सोडल्याचं रडू नव्हतं ते. ते टाक तिच्या आईनं दिलेले होते.

पंचशील आम्हाला वडिलांनी शिकवलं ते असं: जीव घेऊ नको, न दिलेलं उचलू नको, वाकडी नजर ठेवू नको, खोटं बोलू नको, दारू पिऊ नको. पाचवं म्हणताना ते काकाकडं बघायचे. काकाला पहिली चार अगदी चोख होती.

आणि हे देवाच्या आज्ञा नाहीत हे लेकीला नक्की सांगा. 'सिक्खापदं समादियामि', म्हणजे हा शिकण्याचा नियम मी स्वतः घेते. कुणी घालून दिलेला नाही. मोडलास तर वरून कुणी मारणार नाही, पण ज्याचं नुकसान केलंस तो समोरच उभा असेल.

---

पैठणची_सून

उशिरा आले. इतकं सगळं बोललात आणि बावरीचं नाव कुणी काढलं नाही? पैठणला दिल्याचं काहीतरी सार्थक होऊ द्या माझं!

सुत्तनिपाताच्या शेवटच्या भागात, पारायणवग्गात, बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची गोष्ट आहे. कोसलातून दक्षिणेत आला आणि अस्सकाच्या मुलखात, अळकाजवळ, गोदावरीच्या काठी राहिला. रानातलं वेचून, फळं खाऊन. त्यानं यज्ञ करून होतं नव्हतं ते सगळं दान केलं आणि नेमका तेव्हाच एक चालून पाय सोललेला ब्राह्मण ५०० मागायला आला. देणार कुठून? त्यानं शाप दिला, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकलं होतील. बावरी घाबरून अन्नपाणी सोडून बसला. एका देवतेनं सांगितलं, याचं उत्तर बुद्धाला माहीत आहे.

मग त्यानं आपले सोळा शिष्य पाठवले. ग्रंथात त्यांचा रस्ता दिलाय: प्रतिष्ठान, म्हणजे आमचं पैठण, तिथून माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, पुढं कपिलवस्तू, कुसिनारा, वैशाली आणि मगध. आजच्या गाडीनं जायचं म्हटलं तरी जीव जातो.

बुद्धानं शापाचं काय सांगितलं? डोकं म्हणजे अविद्या. आणि ते फोडणारी विद्या. झालं! मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी नाथसागर धरणाच्या भिंतीवर उभी होते आणि मोठ्यानं हसले, नवरा म्हणाला काय झालं.

मग सोळा जणांनी एकेक प्रश्न विचारले. पहिला अजित: हे जग कशानं झाकलंय? उत्तर: अविज्जाय निवुतो लोको. अज्ञानानं. शेवटचा पिंगिय, म्हणतो मी म्हातारा झालो, ताकद नाही, कांती गेली, डोळ्यांना धड दिसत नाही. तोच परत बावरीकडं येतो आणि सांगतो, की आता शरीरानं मला तिकडं जाता येत नाही, पण मनानं मी रात्रंदिवस त्यांच्यापाशीच असतो.

म्हणजे बुद्धाला प्रश्न विचारायला आपल्या गोदाकाठावरून माणसं गेली अशी गोष्ट त्रिपिटकात आहे. कुणी प्रसाद मागायला गेलं नाही, सोळाच्या सोळा प्रश्न घेऊन गेले.

---

मास्तर_निवृत्त

सूनबाई, फार छान. पेशामुळे एक खडा टाकतोच. बावरीची प्रस्तावना नंतर जोडलेली असावी असं अभ्यासक मानतात, सोळा प्रश्न मात्र फार जुने. तरी नंतर जोडणाऱ्यालाही गोदावरी आणि पैठण माहीत होतं, एवढं पक्कं.

---

वाघूरकाठी

जोडणाऱ्याला माहीत होतंच, पैठणवाल्यांचे दगडात पुरावे आहेत. कन्नडजवळ गौताळ्याच्या रानात पितळखोरा लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची. तिथल्या शिलालेखांत प्रतिष्ठानच्या मितदेव नावाच्या गंध्याचं दान आहे आणि राजवैद्य मगिल याच्या घरच्यांचंही. गंधी म्हणजे अत्तर विकणारा. अत्तर विकून त्यानं खांब कोरून घेतले. लोक अजिंठा बघून परत फिरतात.

मी अजिंठ्याच्या पायथ्याची, लहानपणापासून लेण्यांत वावर. पूर्णाकाठचे दादा, लेकीला घेऊन याच. दहावं लेणं सगळ्यांत जुन्यांपैकी. तिथं मुळात बुद्धाची मूर्ती नाही, नुसता स्तूप. मूर्ती नंतर आल्या. (त्याच लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ला आपलं नाव खरडलंय. लेणी 'शोधली' म्हणे. आमच्या पूर्वजांना रस्ता विचारूनच आला असणार.)

सतरावं लेणं तिच्यासाठी. व्हरांड्यात डाव्या भिंतीवर भवचक्राचा उरलेला तुकडा आहे. हे आहे म्हणून ते होतं, हे थांबलं की ते थांबतं, हा प्रतीत्यसमुत्पाद तिथं चाकात काढलाय. आणि आत भिक्षापात्र घेऊन दारात उभा असलेला प्रचंड बुद्ध, समोर इवलीशी यशोधरा आणि राहुल. घर सोडण्याची गोष्ट सगळे सांगतात, परत आलेला फार कमी जण दाखवतात.

सव्विसाव्यात महापरिनिर्वाण. कुसिनाऱ्याला वयाच्या ८० व्या वर्षी, दोन सालवृक्षांमध्ये आडवा झालेला बुद्ध. माझी आजी त्याला 'निजलेला बाबा' म्हणायची.

---

पूर्णाकाठचा

मंडळी, चार दिवस ड्युटीत अडकलो, आवर्तन सुटलं होतं. तुमचे सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले.

काल तिच्या वहीत डोकावलो. तिनं लिहिलंय: "सिद्धार्थाने घर का सोडले याच्या दोन गोष्टी आहेत. एक जुनी आहे पण ती आधी दुसऱ्याची होती. दुसरी बाबासाहेबांनी सांगितली. तिच्यातले भांडण जुन्या ग्रंथात आहे पण वेगळ्या वेळी. बुद्ध स्वतः म्हणतात की माणसे थोड्या पाण्यातल्या माशांसारखी भांडत होती." बाईंनी खाली लाल पेनानं लिहिलंय, 'कुठून घेतले?' बाई बोलावतील बहुतेक. सोबत मास्तरांचा प्रतिसाद छापून नेणार आहे.

आता तिचा नवा प्रश्न. "बावरीच्या सोळा शिष्यांत एकपण मुलगी कशी नाही?" मी गप्प. मावशी, सूनबाई, मास्तर, बोला.

---

रमामावशी_जालना

शाब्बास पोरी.

तिला महाप्रजापती गौतमीची गोष्ट सांगा, जिनं सिद्धार्थाला वाढवलं ती मावशी. नवरा वारल्यावर तिनं संघात यायची परवानगी मागितली. बुद्धानं तीनदा नाही म्हटलं आणि वैशालीला निघून गेले. तिनं केस कापले, काषाय नेसली आणि शाक्यांच्या बायका सोबत घेऊन कपिलवस्तूहून वैशालीला चालत गेली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, विहाराच्या दाराबाहेर रडत उभी. बुद्धाचा शिष्य आनंद यानं तिला बघितलं. आत जाऊन त्यानं बुद्धाला प्रश्न विचारला: बायका अर्हत (पूर्ण मुक्त) होऊ शकतात की नाही? बुद्ध म्हणाले, होऊ शकतात. मग आनंद म्हणाला, मग अडवता कशाला?

भिक्खुणी संघ निघाला. पण आठ जादा नियम घालून, त्यातला पहिलाच असा की शंभर वर्षांच्या भिक्खुणीनंही कालच्या भिक्खूला उठून नमस्कार करायचा. हे लपवू नका. तिला राग आला तर येऊ द्या.

---

पैठणची_सून

आणि थेरीगाथा. त्या भिक्खुणींनी स्वतः रचलेल्या गाथा. मुत्ता नावाची थेरी म्हणते, मी तीन वाकड्या गोष्टींतून सुटले: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. हे वाचून सासूबाई दोन दिवस हसत होत्या.

---

तर्कट

तो नियम खुद्द बुद्धानं घातला की नंतरच्या भिक्खूंनी?

---

मास्तर_निवृत्त

यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. माझा कल 'नंतरच्या भिक्खूंनी'कडं आहे, पण तो माझ्या सोयीचा कल आहे हेही मान्य करतो. सविस्तर उद्या लिहितो, डोळे दुखतायत.

---

पूर्णाकाठचा

रविवारी पितळखोऱ्याला निघतोय. लेक, तिची आजी आणि मी. वाघूरकाठी ताई, आजीला जमेल का? गुडघे दुखतात तिचे.

---

वाघूरकाठी

पायऱ्या भरपूर आहेत आणि उतरलेलं परत चढायचंय. आजीला वर सावलीत बसवा, एक जण सोबत थांबा. पावसाळ्यात मधला ओहळ वाहता असतो, बूट ओले होणारच, चपलाच बऱ्या. वर चहासुद्धा मिळत नाही. भाकरी बांधून न्या आणि पाणी घरूनच न्या.

---

सोयाबीन_लातूर

लेकराचे फोटो नका टाकू, लेण्याचे टाका. आन् त्या अत्तरवाल्याचं नाव कोरलेलं दिसलं तर त्याचा जवळून काढा.